दोन पाठींचा कॅट

मास्तर,

हे पत्र तुम्हाला लिहितेय, पण वाचणार आहेत दुसरेच, तेव्हा रागावू नका. तुम्हीच म्हणालात, काकू, लोक माझ्याबद्दल काहीच्या बाही बोलतात, तुम्ही एकदा नीट लिहून टाका. मी विचारलं, नीट म्हणजे खरं, चालेल ना? तुमच्या तोंडात टाचण्या होत्या, तुम्ही नुसती मान हलवलीत. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाची मान मी होकार धरते. आता तुम्ही तुमची इस्त्री करा, मध्ये बोलू नका. मी या वाचणाऱ्यांना सांगते.

तर हे मास्तर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे शिवतात. पँटी, शर्ट, गणवेश, दवाखान्यातले पांढरे कोट. माणूस उंच, मशीनवर वाकून वाकून पाठीला कायमचा बाक आलेला, गळ्यात टेप, कानावर खडू. कापायला कात्री लावली की हात असा चालतो की बघणारा आपलं बोलणं विसरतो. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे, काउंटरच्या कोपऱ्यात, त्यांची बायको बसते. गिऱ्हाइकाशी बोलणं, कपड्यांना चिठ्ठ्या लावणं, काजं-बटणं आणि धागा काढून देणं ही तिची कामं. मास्तर कापड कापून ठेवतात, ती त्यावर रीळ ठेवते, मग मास्तर मशीनवर बसतात. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलेलं. त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मलाही नाही.

मास्तरांना एका गोष्टीचा फार तोरा. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड, मग तो रुमालाएवढा तुकडा का असेना, ते पुरचुंडी करून परत देणार. लोक म्हणतात, राहू द्या हो, काय करायचंय. मास्तर म्हणतात, आज राहू द्या म्हणाल आणि उद्या चार माणसांत म्हणाल टेलरनं कापड मारलं. चोर हा शब्द त्यांच्या अंगाला लागू नये म्हणून त्यांनी आयुष्यभर जेवढी काळजी घेतली, तेवढी काही लोक आपल्या पोरांची घेत नाहीत.

दोन दुकानं सोडून पूर्वी चपलांचं दुकान होतं. ते उठलं आणि तिथं एका दाढीवाल्यानं पत्त्यांचं दुकान काढलं. पत्ते म्हणजे राजा-राणीचे नव्हेत. यांच्यावर चित्रं असतात, कुणी लढवय्या, कुणी राक्षस, आणि खाली बारीक अक्षरात त्यानं कुणाचं काय वाकडं करायचं याचे नियम. चांगली कमावती, चष्मा लागलेली माणसं पाकिटं फोडून हे पत्ते जमवतात, त्यांचा आपापला कॅट तयार करतात आणि दुकानाच्या मागच्या खोलीत लांब टेबलांवर समोरासमोर बसून खेळतात. हे मला कळलं तेव्हा मी म्हटलं, यांना घरी कामं नसतात का.

मास्तर तिथं गेले ते दाढीवाल्याची पँट पोचवायला. उभ्या उभ्या एक डाव बघितला, मग दुसरा बघितला, आणि दुकान उघडं टाकून गेल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुन्हा गेले. पाकीट मात्र त्यांनी एकही घेतलं नाही. घरी करता येण्यासारखी वस्तू विकत आणली की त्यांना आपला कुणी अपमान केल्यासारखं होतं.

आणि दाढीवाल्याकडे त्याचीही सोय होती. शनिवारी कोपऱ्यातलं एक टेबल घरगुती कॅटांसाठी राखलेलं असे. ज्यानं त्यानं आपले पत्ते स्वतः बनवून आणायचे. दाढीवाला सगळे वाचून बघणार, एखादा पत्ता फारच वरचढ वाटला तर त्याचे पंख छाटायला लावणार, मग खेळायची मुभा. नियम भिंतीवर चिकटवलेले होते. त्यातला एक असा, की कॅटातल्या सगळ्या पत्त्यांच्या पाठी सारख्या हव्यात. कारण उघड आहे. पाठी वेगळ्या असल्या तर उपड्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता कुठला, हे न उचलताच कळणार.

मास्तरांनी कॅट शिवला. शिवला हाच शब्द बरोबर. कॉलरला कडकपणा यावा म्हणून आत घालतात ते बकरम त्यांनी मध्ये घेतलं, पुढून जाड कागद, पाठीला कापड, आणि चारी कडांनी बारीक टीप. पत्ता हातात घेतला की शर्टाच्या नव्या कफासारखा लागे. चित्रं काळ्या पेननं काढलेली. रंग भरा की, म्हटलं तर म्हणत, रंगानं कसर झाकली जाते.

पत्ते दोन जातींचे होते, माणसं आणि भानगडी. माणसं सगळी त्यांची गिऱ्हाइकं. माप घेताना पोट आत ओढणारा. दर खेपेला मागच्या टेलरचं कौतुक करणारा. आणि सगळ्यांत जबरदस्त, 'उद्याच पाहिजे' म्हणणारी बाई, कमरेवर हात, डोळे वटारलेले. भानगडींमध्ये सुई मोडली, लाइट गेली, कापड आटलं, बटण जुळेना. खेळ सोपा होता. आपल्या गठ्ठ्यातून एकेक पत्ता उचलायचा, माणसं टेबलावर मांडायची, भानगडी समोरच्याच्या माणसांवर सोडायच्या. ज्याच्यापुढे एकही माणूस उरलं नाही तो हरला. आणि एक सवलत अशी, की फारच अडलं तर आपलं मांडलेलं एक माणूस कायमचं सोडून द्यायचं आणि त्या बदल्यात गठ्ठा नव्यानं पिसून घ्यायचा.

माणसांचे पत्ते बनवून झाले आणि पाठीचं कापड संपलं. मास्तरांनी घरच्या कापडांचा जुना पेटारा उपसला. त्यात त्यांना तसाच आणखी एक तुकडा सापडला. इतका तंतोतंत तसा, की आनंदानं त्यांनी बायकोला हाक मारून दोन्ही शेजारी धरून दाखवले. ती म्हणाली, हो, छान आहे, आणि हात धुवायला आत गेली. त्या तुकड्यातून भानगडींच्या पाठी निघाल्या.

शनिवारच्या टेबलावर मास्तरांचं बघता बघता नाव झालं. एक नर्सबाई यायच्या, ड्यूटी संपवून तशाच, पायात पांढरे बूट. एक कुलूपवाला यायचा, किल्ल्या बनवणारा, बोलायला तिरकस पण मनानं बरा. दोघंही मास्तरांपुढे बसली की जपून खेळत. मास्तरांच्या हातातल्या पत्त्यांकडे बघत, मग मास्तरांच्या तोंडाकडे बघत, मग पुन्हा पत्त्यांकडे. चालायला फार वेळ घेत. मास्तरांना वाटे, आपला वचक आहे. घरी येऊन ते जेवताना सांगत, आज कुलूपवाल्याला घाम फुटला. बायको म्हणे, आमटी घ्या अजून.

हे असंच चालू राहिलं असतं. पण शहरात एक नवी बाई बदलून आली. जमिनींची मोजणी करणाऱ्या खात्यातली, तरुण, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिला सगळे मोजणीवाली म्हणू लागले. तिचाही घरी केलेला कॅट होता. पहिल्याच शनिवारी ती मास्तरांच्या समोर बसली.

डाव रंगला. शेवटाला मास्तरांपुढे दोनच माणसं उरली, त्यातली एक 'उद्याच पाहिजे'. हातात नुसत्या भानगडी. माणूस यायला हवं होतं, नाहीतर पुढच्या फेरीत आटोपलं असतं. मास्तरांनी गठ्ठ्याकडे बघितलं, कपाळ खाजवलं, आणि टेबलावरची 'उद्याच पाहिजे' उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, सोडली, मी पिसतो.

नर्सबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून श्वास ओढल्याचा आवाज आला. कुलूपवाल्यानं डोक्याला हात लावला. मोजणीवालीच्या भुवया वर गेल्या त्या तिथंच राहिल्या. मास्तरांनी पिसलं, वरचा पत्ता उचलला, तर 'लाइट गेली'. त्यांनी तीच सोडली, आणि नशीब असं की मोजणीवालीची शेवटची दोन माणसं त्या अंधारात गेली. मास्तर जिंकले.

मोजणीवालीनं आपले पत्ते गोळा केले. मग मास्तरांच्या गठ्ठ्यातले दोन उचलले, उपडे शेजारी ठेवले, आणि दाढीवाल्याला हाक मारली.

"यांच्या पत्त्यांच्या पाठी दोन रंगांच्या आहेत," ती म्हणाली. "माणसं हिरवी, भानगडी तपकिरी. वर काय आहे ते यांना उचलायच्या आधीच दिसतं. आमच्याकडे याला चोरी म्हणतात."

मास्तर हसले. म्हणाले, बाई, हरलात म्हणून कापडावर कशाला घसरता, एकाच ताग्याचं आहे. आणि निवाड्यासाठी मोठ्या विश्वासानं नर्सबाईंकडे वळले. म्हणाले, तुम्ही सांगा हिला.

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी दाढीवाल्याकडे बघितलं, मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, थट्टा पुरे झाली. एक हिरवा आहे, एक तपकिरी."

मास्तरांनी कुलूपवाल्याकडे बघितलं. कुलूपवाला मान खाली घालून किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत होता. दाढीवाल्यानं सांगितलं, की रंग त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होते. त्यानं चालू दिलं, कारण जे मास्तरांना दिसतं ते समोरच्यालाही दिसतं, आणि हातातल्या पत्त्यांच्या पाठी तर समोरच्यालाच जास्त दिसतात. त्याला वाटलं, मास्तर मुद्दामच अर्धे पत्ते उघडे ठेवून खेळतात. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. त्यांनी त्याला मास्तरांची छाती म्हटलं होतं. त्यांच्या पाठीमागे, कौतुकानं.

मास्तरांनी दोन्ही पत्ते उचलले. ट्यूबलाइटखाली धरले. खिडकीपाशी नेले, बाहेर अजून उजेड होता. उलटे केले, सुलटे केले. कापडाचा पोत बघितला, बोटांनी चोळला. दोन्ही तेच होते. त्यांच्या मनात आलं ते हेच, की हे सगळे मिळून आपली टर उडवतायत, आणि ही नवीन बाई त्यांनीच आणलेली आहे. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांना दिसलं, की पत्त्यांकडे कुणीच बघत नाहीये. सगळे त्यांच्या डोळ्यांकडे बघतायत.

दाढीवाला अवघडला होता. तो म्हणाला, आता प्रश्न निघालाय तर पुढच्या शनिवारपर्यंत तुमचा कॅट टेबलावर नको. काय ते येऊन सांगा. मास्तरांनी पत्ते खिशात कोंबले आणि ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा बोटभर तुकडा ठेवला नव्हता तो माणूस चोर म्हणवून घेऊन घरी आला.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं, म्हणून लिहितेय.

बायको काउंटरवर बसून काजं करत होती. मास्तरांनी दोन पत्ते तिच्यापुढे उपडे टाकले आणि विचारलं, हे दोन एकच ना. तिनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"नाहीत," ती म्हणाली.

मास्तर स्टुलावर बसले. ती पुढं बोलत गेली, एकदा सुरू झाल्यावर तिलाही थांबता येईना. लग्न नवीन होतं, मास्तरांचे वडील तेव्हा दुकान चालवायचे. ती जेवणाचा डबा घेऊन आली तर हे बसून गडद हिरव्या पँटला तपकिरी धाग्यानं टिपा मारत होते, इतक्या सुबक की बघत राहावं. ती काही म्हणाली नाही. दुपारी वडील झोपल्यावर तिनं त्या उसवल्या आणि हिरव्या धाग्यानं पुन्हा घातल्या. तिला लगेच कळलं, कारण तिच्या मामाचं असंच होतं. त्याला झाडावरचा पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो सारखेच दिसायचे, दाबून बघून तोडायचा. दुसऱ्या दिवसापासून ती धागा काढून द्यायला दुकानात बसायला लागली. पुढे सगळे रंग तीच बघू लागली, आणि हळूहळू सगळ्यांना वाटायला लागलं की या दुकानाची रीतच ती आहे.

"आणि पत्ते?" मास्तरांनी विचारलं. "मी तुला बोलावून दाखवले होते."

"बघितले होते. म्हटलं, पत्तेच तर आहेत."

"मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

इथं तिनं सुई कापडात टोचून ठेवली. मास्तरांना वाटलं, रडेल, म्हणेल तुमचं मन मोडू नये म्हणून. तीही तसं म्हणू शकली असती, मास्तरांनी ते मानलंही असतं. पण ती तसली नाही.

"सांगितलं असतं तर तुम्ही रिळांवर नावं चिकटवली असती," ती म्हणाली, "आणि मला आत पाठवून दिलं असतं. तुमच्या वडिलांनी मला या खुर्चीवर बसू दिलं ते धागा माझ्याशिवाय निघत नाही म्हणून. मला आत बसायचं नव्हतं."

मास्तर म्हणतात, रंगांचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का त्यांना याचा बसला. डोळ्यांचं काय, डोळे जन्मापासून तसेच होते, त्यांची सवय होती. पण रोज शेजारी बसून कडेला कड जुळवल्यासारखा संसार केला, आणि त्या माणसाच्या मनातलं एवढं मोठं कापड आपल्याला कधी दिसलं नाही. त्यांची नजर पडद्यावर गेली. पडद्याचा रंग विचारायचा धीर त्यांना झाला नाही. त्याऐवजी त्यांनी मागच्या दाराचा विचारला, कारण ते त्यांनी स्वतः रंगवलं होतं, डब्यांत उरलेल्या रंगानं.

"मागचं दार कुठल्या रंगाचं आहे?"

"अर्धं."

"अर्धं म्हणजे?"

"खालून हिरवं. वरून तपकिरी."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"सगळे बोलतात," ती म्हणाली. "त्यांना वाटतं तुम्हाला तसंच आवडतं."

हे खरं आहे. आमच्या मागच्या बोळातून जाणारा प्रत्येक माणूस त्या दाराबद्दल बोलतो. मी स्वतः बोललेय.

तो आठवडा मास्तरांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. रिळांचा खण उघडायचे आणि बघत बसायचे. जी रिळं त्यांना जुळी वाटायची ती बायकोला विचारायचे, आणि ती दोन निराळी नावं सांगायची. एका गिऱ्हाइकानं कापड पुढे केलं तर मास्तरांनी हात मागे घेतला, जसं काही ते भाजत होतं. माणसाला आपलं घर कुणीतरी रातोरात बदलून ठेवलंय असं वाटावं, आणि मग कळावं की ते पहिल्यापासूनच असं होतं, तसं झालं होतं त्यांचं.

आणि शनिवार जवळ येत होता. बायकोचं म्हणणं स्वच्छ होतं. जाऊ नका. पत्ते खेळणारी चार टाळकी तुम्हाला लबाड म्हणतील, म्हणोत. पण रंग दिसत नाही हे एकदा बाहेर गेलं की शाळेचे गणवेश गेले, दवाखाना गेला. रंग न दिसणाऱ्या टेलरकडे कोण कापड टाकेल? तिचं काही चुकत नव्हतं. मास्तरांपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसून चोर राहायचं, नाहीतर बोलून आपल्या हातानं आपल्या धंद्यावर कात्री चालवायची. मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते. मास्तर बसले नाहीत. चोर हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

शनिवारी त्यांनी कॅट घेतला आणि गेले. टेबलाशी सगळे होते. मास्तरांनी उभ्यानंच सांगितलं, मला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत, कधीच दिसत नव्हते, मला हे मागच्या शनिवारी कळलं. एवढंच. बायकोच्या खुर्चीचा विषय त्यांनी तिथं काढला नाही.

नर्सबाई एका खुर्चीवर टेकल्या. असे पेशंट त्यांनी बघितले होते, पण आपल्या समोर वर्षभर बसलेला माणूस त्यातला निघेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मोजणीवाली तेवढी हलली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, की हे कुणीही म्हणेल. दिसत नसताना दिसतं म्हणणारा पकडता येतो, दिसत असताना दिसत नाही म्हणणाऱ्याला कसं पकडायचं? बोलायला कडक, पण मुद्दा बिनतोड. मास्तरांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी आपलं सगळं टेबलावर ठेवलं होतं आणि त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. ते पत्ते उचलून निघाले.

"थांबा," मोजणीवाली म्हणाली. "गेल्या शनिवारी तुम्ही 'उद्याच पाहिजे' का सोडलीत?"

मास्तरांना प्रश्न विचित्र वाटला. म्हणाले, माणूस हवं होतं, हातात नव्हतं, पिसल्याशिवाय उपाय नव्हता.

"पण गठ्ठ्यावर माणूसच होतं," ती म्हणाली. "हिरवी पाठ. मला दिसत होती, यांना दिसत होती. नुसतं उचलायचं होतं. तुम्ही तुमचं सगळ्यांत चांगलं माणूस टाकलंत आणि वर आलेलं माणूस पिसून गठ्ठ्यात घालवलंत."

हे मास्तरांना आत्ता कळत होतं. मोजणीवाली पुढे बोलत होती, पण आता जरा हळू. ती त्या चालीचा आठवडाभर विचार करत होती. त्यात काय डाव आहे ते तिला सापडत नव्हतं, आणि न सापडलेली गोष्ट तिला झोपू देत नाही. त्यात डाव नव्हताच. ज्याला पाठी दिसतात असा चोर ती चाल खेळणं शक्य नव्हतं. तिनं सगळ्यांदेखत शब्द मागे घेतला. क्षमा वगैरे मागितली नाही, आपली बाटली काढून पाणी प्यायली.

कुलूपवाला मात्र हबकून बसला होता. वर्षभर त्यानं मास्तरांची एकेक चाल घरी जाऊन उलगडली होती. यांनी तपकिरी पुढे धरली म्हणजे मला घाबरवतायत, हिरवी लपवली म्हणजे सापळा आहे, असे त्यानं केवढे अर्थ लावले होते. त्या अर्थांपायी तो कितीदा हरला होता.

"म्हणजे मी ज्या मास्तरांना घाबरत होतो," तो म्हणाला, "ते इथं कधी आलेच नव्हते?"

दाढीवाल्यानं काळ्या प्लॅस्टिकची पाकिटं आणली, पत्त्यांवर चढवायची. बसून सगळ्यांनी मिळून मास्तरांचा कॅट पाकिटांत भरला. कफासारखे जाड पत्ते, ते नीट बसेनात, कोपरे दाबून दाबून बसवावे लागले. मग मास्तर नर्सबाईंशी एक डाव खेळले आणि हरले. कुलूपवाल्याशी खेळले आणि लाजिरवाणे हरले. पाठी झाकल्यावर त्यांचा वचक गेला तो गेलाच. ते मध्यम प्रतीचे खेळाडू निघाले. घरी आले तर बायकोनं विचारलं, काय म्हणाले. मास्तर म्हणाले, चोर नाही म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, खेळताही येत नाही म्हणाले.

बातमी पसरायची ती पसरली. शाळेनं गणवेश दुसरीकडे दिले, ते खरंच. एक गृहस्थ आपलं न कापलेलं कापड मागायला आले, मास्तरांनी घडी घालून दिलं. दवाखाना राहिला, त्यांचं सगळं पांढरं. बाकीची गिऱ्हाइकं बायकोलाच विचारून कापड टाकत होती, ती तशीच टाकत राहिली. रिळांवर मास्तरांनी नावं चिकटवली नाहीत. तसं त्यांनी बायकोला बोलूनही दाखवलं नाही. ती रोज सकाळी खुर्चीत येऊन बसते आणि पहिल्यांदा त्या खणाकडे बघते. मी तिला बघताना पाहिलंय.

मास्तर, झाली का इस्त्री? आता तुमच्याशी.

तुम्ही त्या महिन्यात वर आलात, माझ्या झग्याची उंची बरोबर झाली का विचारायला, आणि दारातच रेंगाळलात. म्हणालात, काकू, ती प्लॅस्टिकची पाकिटं हातात सरकतात, मला पाठी नव्यानं करायच्या आहेत, सगळ्या एकाच कापडाच्या. पेटाऱ्यातलं नको, नवीन. कापडबाजारात माझ्याबरोबर याल का, रंगाला फसायला नको. मी म्हटलं, बायकोला न्या. तुम्ही म्हणालात, तिला हे विचारायचं नाहीये. का ते मी विचारलं नाही, मला तेवढी अक्कल आहे. मी म्हटलं, मोतीबिंदू काढल्यापासून मला निळं जरा जास्तच निळं दिसतं, चालत असेल तर येते. गुरुवार ठरला.

गुरुवारी मी चपला घालून तयार होते. तुम्ही आलात, हातात पिशवी होती, केस ओले करून बसवले होते. जिन्याच्या दोन पायऱ्या आपण उतरलो. मग तुम्ही थांबलात, कठड्याला धरून. म्हणालात, काकू, कुठला रंग घ्यायचा? मी म्हटलं, तुम्हाला आवडेल तो. 'आवडेल तो' हे तुम्ही एकदा स्वतःशीच म्हणून बघितलंत, पिशवीची घडी घातलीत, आणि म्हणालात, आज नको, पुढच्या गुरुवारी जाऊ. मी चपला काढल्या.

त्यानंतर गुरुवार आले तसे गेले. तुमचा कॅट अजून काळ्या पाकिटांत आहे, आणि ते कापड आणायला आपण अजून गेलेलो नाही.